गुळाचा ळ

हमीदभाई पेंटरांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. दुष्काळाचं साल होतं. आमच्या सहकारी दूध सोसायटीने तेलगावजवळ चारा छावणी उघडली होती आणि मी तिथला नवा कारकून. जनावरांच्या शिंगांवर नंबर टाकायला मी अंबाजोगाईहून हमीदभाईंना बोलावलं. दुपारी पाहतो तर एकाही शिंगावर नंबर नाही. कपिली, मोगरा, सरदार अशी वळणदार नावं मात्र होती.

"नंबर कावून टाकले न्हाईत?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"पहिलीच म्हातारी म्हणली, माजी गाय नंबर न्हाई, कपिली हाय. मग समदेच नावं सांगाया लागले. आता तुमीच गाईला इचारा, साहेब."

मी रजिस्टरात नावाचा नवा रकाना आखला. पुढच्या रविवारपासून, हे अक्षर शिकावं म्हणून, ब्रश धुवायला त्यांच्याकडे जाऊ लागलो.

जिल्हा त्यांना पेंटर म्हणतो, मी चित्रकार म्हणतो. त्यांच्या हातची पाटी मालकासारखी दिसायची. ढेरपोट्या किराणावाल्याची अक्षरंही पोट सुटलेली. तो बिचारा कौतुकाने सगळ्यांना दाखवायचा.

एकदा त्यांनी मला गुळाच्या दुकानाची पाटी रंगवायला दिली. दुष्काळ निवारणाच्या फलकावरचा त्यांचाच ळ मी हुबेहूब उतरवला. हमीदभाईंनी रॉकेलचा बोळा घेऊन तो पुसून टाकला.

"दुष्काळाचा ळ गुळाला कसा चालंल बे? त्यो कोरडा हाय. ह्यो बोटाला चिकटला पायजे."

मी तो चार वेळा काढला. चौथ्यांदा त्यांनी चहा मागवला. त्यांच्याकडे शाबासकी अशीच मिळायची.

आज माझं फ्लेक्सचं दुकान आहे. संगणकात ळ एकच आहे आणि गिऱ्हाइकाला तो चालतो. हमीदभाईंचा हात कापू लागला, त्यांनी ब्रश ठेवला. त्यांनी रंगवलेल्या भिंतींवर माझेच फ्लेक्स चढले, हे लिहिताना मला लाज वाटते. चौसाळ्याच्या रस्त्याला एखादा फ्लेक्स फाटलेला दिसला की खाली त्यांचं अर्धं अक्षर असतं. मी गाडी थांबवून ते पाहत बसतो. त्या रविवारांची फार आठवण येते.

भाई पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत म्हणून परवा घरी गेलो. म्हटलं, "भाई, एक पाटी लिहा."

"हात कापतो. अक्षर बी कापंल."

"कापू द्या. तुमचंच आसंल ना?"

त्यांनी बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

त्यांना निरोगी शंभरी लाभो, हे मागणं आपणा सर्वांचंच आहे. माझं त्याहून थोडं जास्त आहे. दुकानावरचा माझ्या नावाचा फ्लेक्स मी काल उतरवला. लाकडी फळीला पांढऱ्या रंगाचा हात मारून ठेवलाय. वाळलीय ती, भाई.