रानजाईची जयवंताकाकी

जयवंताकाकी आमच्या गावात लग्न होऊन आली ती १९७९ साली. माहेर खालापूरच्या अंगाचं. चार भावांत एकटी बहीण. भावांना हुतूतूला एखादा गडी कमी पडला की ते हिलाच मधे उभी करायचे, त्यामुळे खेळ तिच्या अंगातच होता. सासर मिळालं ते सावरटेंभा. पोशीरच्या पुढं नदीकडेला आमचं हे साठ-सत्तर घरांचं गाव, आणि गावाला वेड कबड्डीचं. आमच्या रानजाई क्रीडा मंडळाचं नाव तेव्हा नुकतंच तालुक्यात व्हायला लागलं होतं.

बायकांनी मैदानाशी जायची तेव्हा रीत नव्हती. काकी पेंढ्याच्या उडवीआड उभी राहून सामने बघायची. सासूनं एकदोनदा हटकलं. सदूकाका, म्हणजे तिचा नवरा, मात्र हसायचा. त्याला स्वतःला कबड्डीतलं काही कळत नसे. तो गावभर सांगत फिरायचा, "माझं लगीन हिच्याशी झालं आनि हिचं मंडळाशी."

८४ साली सरावात आमच्या एका गड्याचा गुडघा खड्यावर फुटला. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतातच मैदान करायचे, वरवर साफ केलं तरी खाली खडे असायचेच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकी चाळण आणि घमेलं घेऊन तिथं जाऊन बसली. टीचभर जागा उकरायची, माती चाळायची, परत टाकायची. जाणारे-येणारे हसले. तिसऱ्या दिवशी शेजारची जना येऊन बसली, मग चिंधी आली. आठवड्यात अख्खं मैदान चाळून, पाणी मारून, चोपून, शेणानं सारवून तयार झालं. पुढची वीस वर्षं दर सुगीनंतर या तिघींनीच आमचं मैदान केलं. त्यानंतर काकीला उडवीआड उभं राहा म्हणायची कोणाची टाप नव्हती. ती थेट रेषेजवळ गोणपाट टाकून बसायची आणि पंचाला ऐकू जाईल असं बोलायची.

मी ९२ साली संघात आलो, सतरा वर्षांचा होतो. नेरळच्या शाळेतले खेळाचे मास्तर अण्णा आम्हाला शिकवायला रोज संध्याकाळी सायकलवरून यायचे. शांत माणूस, सात्त्विक बोलणं. आमच्या चुका ते समजावून सांगायचे, काकी ओरडून सांगायची. "राजेश, तुझा डावा पाय आदी बोलतो, मग तू जातोस. समोरच्याला कळतंय ते." अण्णांनी महिनाभर माझ्यात जी खोट शोधली होती, ती तिनं गोणपाटावर बसल्या बसल्या सांगितली. अण्णा मला म्हणाले, "ऐक त्यांचं. मला नव्हतं दिसलं." त्या दशकात रानजाईनं तालुक्यातले तेरा चषक आणले, जिल्ह्याचं अजिंक्यपद दोनदा. रोह्यापासून पेणपर्यंत कुठंही आमचा संघ उतरला की लोक जेवण अर्धं टाकून यायचे.

आता ९६ सालची गोष्ट. कार्तिकात बैलगाडी उलटून सदूकाकाचा पाय मोडला. मांडीपर्यंत प्लास्टर. शेतात भात पिकून उभं, दाणा गळायला लागलेला, आणि घरात करणारी काकी एकटी, पदरात दोन लहान मुली. त्याच आठवड्याच्या रविवारी कळंबला मोठ्या स्पर्धेची अंतिम फेरी होती, आमची आणि कळंबचीच. काकी त्या आठवड्यात सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी अण्णांनी विचारलं, "जयवंताबाई कुठं आहेत?" आम्ही सांगितलं. त्यांनी शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाले, "उद्यापासून सराव त्यांच्या शेतात."

शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही चौदा जण विळे घेऊन उतरलो. उजाडल्यापासून ऊन डोक्यावर येईपर्यंत कापणी आणि दुपारनंतर भारे बांधून खळ्यावर नेणं. अण्णाही धोतराचा काचा मारून आले. काकी त्यांना म्हणाली, "मास्तर, तुमी नका कापू. बोट जाईल तुमचं." अर्ध्या तासात त्यांनी बोट कापून घेतलंच. चिंधीनं चिंधी बांधून दिली, आणि स्वतःच्याच नावावर स्वतःच हसत सुटली. शनिवारी दिवस मावळायच्या आत शेवटचा भारा खळ्यावर पडला. काकीनं आम्हाला नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाढली. कोणी पुरे म्हटलं तरी ती ताटात आणखी एक भाकरी टाकत राहिली.

रविवारी आम्ही एका गुणानं हरलो. पाठी मोडलेल्या, हात वर होत नव्हते. कळंबचा कप्तान नवनाथ, उंच आणि सडपातळ, शेवटच्या चढाईत आमच्या कोपऱ्यावरच्या गड्याला शिवून गेला. मी त्याचा घोटा धरला होता, पण बोटांत जोरच नव्हता. काकी पुढं कितीतरी वर्षं म्हणायची, "तो एक गुन माझ्या शेतात ऱ्हायला."

मंडळ खाली कधी आलं ते नेमकं सांगता येत नाही. मुलं खोपोलीच्या कारखान्यांत पाळ्यांवर लागली, काही कळंबच्या रिसॉर्टांवर. संध्याकाळी सरावाला कधी चार जण, कधी तीन. मी स्वतः २००३ ला खेळ सोडला आणि खालापूरच्या सरकारी कचेरीत चिकटलो. २००९ ला अण्णा गेले. जे शेत मैदान म्हणून मिळायचं ते विकलं गेलं, तिथं कुंपणाची भिंत आली. मग प्लॉटिंगचा धंदा करणारा एक गृहस्थ मंडळाचा अध्यक्ष झाला. नव्या जर्सीवर रानजाईचं नाव बारीक आणि त्याचं मोठं. त्यानं बाहेरून खेळाडू आणले. दोन वर्षं चषकही मिळाले. काकी तेव्हाही यायची. एका सामन्यात तिनं मला विचारलं, "यातला आपला कोन रं?" सातांपैकी मी दोघांकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, "बरं. मग त्या दोघांसाठी आलेय मी."

अध्यक्षाचा रस उडाला तशी चांगली पोरं गेली. दरसाल पहिल्याच फेरीत बाहेर. तरी काकी यायची. सदूकाका म्हणायचा, "अगं, कशाला जीव जाळतेस?" ती म्हणायची, "आजारी मानसाला भेटायला जातेच ना मी."

२०१३ पासून मी व्यवस्थापक होतो. मला वाटायचं, मी मंडळ सावरेन. २०१९ च्या जानेवारीत खालापूरजवळ एक स्पर्धा होती, सामने दुपारचे. काकी माझ्या मोटारसायकलवर मागं बसून आली. आमच्या संघातल्या तिघांचं समोरच्या मंडळाशी बोलणं झालं होतं. पुढच्या महिन्यात एका मोठ्या स्पर्धेत ते त्यांच्याकडून खेळणार होते, आणि त्यासाठी आजचा सामना त्यांना द्यायचा होता. मला हे आदल्या दिवशी कळलं. मी तिघांना काढलं असतं तर सातही भरले नसते आणि मंडळावर बंदी आली असती. अशी कारणं मी स्वतःलाच देत गेलो आणि गप्प राहिलो.

पाचच मिनिटांत काकीला कळलं. समोरचा चढाईपटू आमच्या हद्दीतल्या निदानरेषेजवळ घसरून पडला, आमचा मध्यरक्षक हातभर अंतरावर, आणि त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. पुढच्या चढाईला आमचा गडी चालत मधोमध गेला आणि पकडला गेला. भोवतीचे लोक शिट्ट्या मारत होते. काकी गोणपाटावरून उठली, ते झटकलं, घडी केली आणि माझ्याजवळ आली.

"राजेश, तुला ठावं होतं?"

मी जर्सींची पिशवी उगाच आवरायला लागलो.

ती एसटीनं एकटीच घरी गेली. त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं तिनं कबड्डीचं नाव काढलं नाही. वाटेत भेटली तर कशी हाय बायको, पोरांचं शिक्षान कसं चाल्लंय, सगळं विचारायची. मंडळाचं एक अक्षर नाही. मी व्यवस्थापकपद सोडलं तेही मी तिला सांगायला गेलो नाही, कारण सांगून काय मागणार होतो ते मलाच कळत नव्हतं. २०२१ ला सदूकाका गेला. मुली सासरी होत्या. घरात ती एकटी. जुन्या संघातले आम्ही आठ जण खांदा द्यायला होतो.

२३ सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली. "कळंबला खेळ हाय म्हनतात, मातीवरचा. मला नेशील?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कळंब म्हणजे आमचं हाडवैर. ज्या संघाला तिनं वीस वर्षं तोंडभर शिव्या घातल्या, त्याचा सामना बघायला ती जाणार होती. मी म्हटलं, "काकी, आपला संघ नाय तिथं."

"आपला संघ कुटंच नाय. म्हून मी काय मरेपरेंत खेळ बघायचा नाय?"

दुपारी तीनला पोचलो. गर्दीत ती मागंच थांबली. खेळ सुरू झाला. कळंबची पोरं सतरा-अठरा वर्षांची, सगळी गावचीच. एका काटक पोरानं तिघांच्या कोंडाळ्यातून उडी घेऊन रेषा गाठली, आणि माझ्या शेजारी टाळी वाजली. काकीची. ती स्वतःच चमकून माझ्याकडे बघायला लागली.

मध्यंतरात पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस आमच्या दिशेनं आला. चालताना किंचित लंगडत होता. नवनाथ. त्यानं मला ओळखलं नाही. काकीकडे बघत राहिला. "तुमी सावरटेंभ्याच्या वयनी ना? रेषेवर बसायच्या?"

"हो."

"मला लंबू म्हनून शिव्या द्यायच्या त्या तुमीच."

काकी म्हणाली, "तुमी खेळायचातच तसं. दुसरं काय करनार होते?"

तो खळखळून हसला. जवळच्या पोरांना त्यानं हाक मारून बोलावलं. म्हणाला, "या आजीच्या समोर खेळायचं म्हंजे मला सात गड्यांपेक्षा हिची भीती. मी कुठल्या बाजूला वळनार ते ही आदीच वरडून सांगायची. हिच्यामुळं मी दोन्ही बाजूंनी चढाई करायला शिकलो." मग त्यानं पंचांच्या टेबलाजवळची खुर्ची आणून रेषेशेजारी ठेवली. काकी नको नको म्हणत होती. "बसा वयनी. बोला काय बोलायचं ते. आमच्या पोरांना जरा धाक पायजे."

बसली. पहिल्या दोन-तीन चढाया नुसत्या बघितल्या. नंतर तिला राहवलं नाही, ती ओरडून सांगायला लागली.

परतताना पोशीरच्या नाक्यावर चहाला थांबलो. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "काकी, त्या दिवशी खालापूरला मी बोलायला पायजे होतं."

"पायजे होतं," ती म्हणाली. बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याली. "आनि तू पोरगा असताना अंतिम फेरीच्या आदल्या दिवशी माझं भात कापलंस. मी दोनी इसरनार नाय."

मला वाटलं होतं, ती एक तर माफ करेल किंवा झिडकारेल. तिनं दोन्ही केलं नाही, आणि मला इतकं हलकं पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी मंडळ बंद करायची सभा देवळात झाली. काही जण जुनी भांडणं उकरू लागले, अध्यक्षाचं नाव निघालं, त्या तिघांचं निघालं. काकी दाराशी बसली होती. ती म्हणाली, "मी या गावात आले तवा मला नावानं कोनी वळखत नव्हतं. सदूची बायको, बस. या मंडळानं मला मानूस केलं. घरात दाना येनार नव्हता त्या साली यांनी माझं पीक घरात आनलं. ते खरं, आनि मागून जे झालं तेबी खरं. पन आज उटताना मला पयलं आठवू द्या." सभा तिथंच संपली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जना तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेऊन राहिली.

आता हंगामात दर रविवारी मी काकीला कळंबला नेतो. पासष्टी कधीच ओलांडली, पण मोटारसायकलवर ताठ बसते. गेल्या रविवारी कळंबची पोरं उपांत्य फेरीत चार गुणांनी हरली. येताना नदीचा पूल ओलांडल्यावर मी विचारलं, "वाईट वाटलं?"

"वाटलं की रं," ती म्हणाली. जरा वेळानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असं वाईट वाटून लई वर्सं झाली होती. बरं वाटलं."

मग घर येईपर्यंत तो काटक पोरगा शेवटच्या चढाईत कुठं चुकला, ते मला समजावून सांगत होती.