ओटीतले चार दाणे

बाबा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये नवे लागले तेव्हा त्यांच्या ऑफिसात रशियातून आलेली एक तरुण दुभाषी बाई होती. म्हातारपणी ती भिलाई पुन्हा पाहायला आली आणि एके दुपारी माझ्या क्वार्टरवर जेवायलाही आली. आईबाबा तेव्हा माझ्याकडेच राहायचे.

बाई ज्यू होती. नाझींनी तिचं सगळं घर मारलं आणि सोळाव्या वर्षी छावणीतून ती एकटी जिवंत निघाली, एवढंच बाबांना ठाऊक होतं. कशी वाचली, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. आईला नेमकं तेच ऐकायचं होतं. दुसऱ्याचं दुखणं ऐकल्याशिवाय आमच्या आईला वरण गोड लागत नाही. जेवताना तिने दोनदा विषय काढला, मी दोनदा डोळे वटारले. बाईने मान खाली घालून पानातलं शीतन् शीत संपवलं.

निघताना आई ओटीचं ताट घेऊन आली.

"अवो, विधवा हाये ते," बाबा कुजबुजले. "ओटी कावून भरून राहिली?"

"मंग काय झालं? माहेरी आली समजा. तिले रिकामी कशी जाऊ देऊ?"

खण, नारळ, ओंजळीने तांदूळ. बाई झग्याचा ओचा धरून हसत होती. मग रीतीप्रमाणे आईने त्यातलेच चार दाणे परत घ्यायला हात घातला. भरल्या ओटीतलं थोडं घरात राहावं, म्हणून आमच्याकडे घेतात.

बाईने त्या हातावर फाडकन मारलं आणि ओटी पोटाशी आवळली. नारळ दारापर्यंत गडगडत गेला. तिचे डोळे पाहून मी घाबरले, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने तिची बोटं सैल झाली. मग इतक्या वर्षांत मोडक्या झालेल्या हिंदीत तिने सांगितलं. छावणीत धाकटी बहीण सोबत होती. तापाने तिला गिळवत नव्हतं, म्हणून तिने आपला पावाचा तुकडा हिच्या मांडीवर सांभाळायला दिला. शेजारच्या मुलीने त्यावर हात घातला. तीही उपाशीच. हिने तिच्या हातावर मारून पाव वाचवला. बहीण मात्र सकाळी उठली नाही. तिच्याशेजारी बसूनच हिने तो खाल्ला.

"इसलिए मैं हूँ," ती म्हणाली.

आईला रडू आवरेना. तिने कपाटातून दुसरा खण काढला, पुन्हा ओंजळ भरली. "ये आपकी बहन की."

बाईने ओचा मिटून घेतला.

"उसकी मत भरो. वो भी मैं ही खाऊँगी."