घरचं रक्त

गुलाबराव फुंडेचा उजवा हात भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. एक, तो कोणावरही उठायचा. दुसरी, त्यातून त्रेपन्न वेळा रक्त काढलेलं होतं.

बाप भंडाऱ्याकडच्या लाखांदूरहून प्लांटच्या कामाला आला, आणि बापामागून गुलाबराव भट्टीवर लागला. काम असं, की मातीनं बुजवलेल्या भट्टीच्या तोंडात ऑक्सिजनची पेटती नळी खुपसायची. तोंड फुटलं की लालभडक लोखंड उसळत बाहेर येतं. तिथं हळू बोलणारा माणूस कोणाला ऐकूच जात नाही. गुलाबराव घरीही तसाच बोलायचा. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट भिंतीवर. पोराच्या वहीत लाल रेघ दिसली तर कमरेचा पट्टा. बायको कलावतीला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि ते कोणत्या दिवसापासून, हे शेजारच्या चारही क्वार्टरना माहीत होतं.

पण प्लांटमध्ये कोणी भाजलं, चेंगरलं, की बोलावणं याच माणसाला यायचं. त्याचं रक्त बी निगेटिव्ह, शोधून न सापडणारं. एकदा पातळ लोखंड ओल्या जागी सांडून उडालं आणि त्याचा जोडीदार शालिकराम पाठीवर हाडापर्यंत शिजला. गुलाबराव अंगावरच्या काजळीसकट दवाखान्यात जाऊन पडला. शालिकराम जगला, आणि मग चहाच्या टपरीवर दिसेल त्याला सांगत सुटला, "गुलाबरावचं रक्त नोहे बापा, लोखंडच होय." इतरांना ती गंमत वाटायची. गुलाबरावला ते मनापासून पटलं होतं.

रक्तपेढीवर त्याचा एक जुना राग होता. मुलगा अंकुर नऊ वर्षांचा असताना छतावरून पडला, पोटात आतल्या आत रक्त सांडलं. पेढीनं गुलाबरावचं रक्त घेतलं आणि पोराला मात्र दुसऱ्याच कोणाची पिशवी चढवली. आपलं चांगलं ठेवून घेतात अन् भलत्याचं देतात, असं म्हणत त्यानं काउंटरची काच बुक्कीनं फोडली आणि आतल्या क्लार्कला कॉलर धरून त्या फुटक्या काचेतूनच अर्धा बाहेर ओढला. क्लार्क घुसमटत काहीतरी सांगत होता. नात्यातलं रक्त, चालत नाही, डॉक्टर, असे तुटके शब्द. गळा मोकळा असता तर त्यानं पुरतं सांगितलं असतं.

तोच अंकुर पुढं धावू लागला. लोक थट्टेनं म्हणायचे, पोराला सराव घरीच मिळाला. एकविसाव्या वर्षी तो दहा हजार मीटर धावायचा. दुर्गला धावण्याचा क्लब चालवणारा ओमप्रकाश, ज्याला पोरं ओपी सर म्हणत, वेताच्या छडीनं पोटऱ्यांवर वळ उठवत त्यांना पळवायचा. गुलाबरावला हा कोच पाहताक्षणी आवडला.

त्या वर्षी खेळाडू कोट्यातल्या नोकरीची ट्रायल होती. जागा दोन. पहिली कोणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरी बोरसीच्या सुगतची असणार, कारण अंकुर नेहमी त्याच्या पंधरावीस सेकंद मागं यायचा. ओपी सरांनी गुलाबरावला बाजूला घेऊन उपाय सांगितला. पोराचं रक्त दीड महिना आधी काढायचं, थंड ठेवायचं. तोवर अंगात नवं भरतं. मग शर्यतीच्या तोंडावर जुनं परत चढवायचं. रक्त जास्त म्हणजे हवा जास्त, दम जास्त. पकडणं कठीण, कारण रक्त त्याचंच.

तसं काढलंही. पण ज्या लॅबच्या फ्रिजमध्ये ती पिशवी ठेवली होती तिथली लाइट दोन दिवस गेली आणि रक्त नासलं. ट्रायलला पाच दिवस उरले. तेव्हा गुलाबरावनं शर्टाची बाही वर सारली. म्हणाला, माझं घ्या, ग्रुप एकच आहे, बाहेरचं कशाला. ओपी सरांनी क्षणभर विचार केला आणि लॅबमधल्या मोनूला फोन लावला.

रविवारची दुपार होती. मोनूनं क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गुलाबरावची पिशवी भरली. भिंतीवर पन्नासाव्या रक्तदानाची फ्रेम होती. ती उतरवून खाटेवर ठेवली आणि त्याच खिळ्याला पिशवी टांगली. अंकुर दारात उभा होता. कलावती त्याच्या मागं.

"बाबा, हे बेमानी होय," तो म्हणाला. "सुगत माह्या संग धावते. मैदानात मले पानी तो देते, त्याले मी देतो. अन् मी त्याचाच हक खाऊ का?"

गुलाबरावनं उलट्या हातानं मारलं. रक्त काढलेल्या जागेचा कापूस उडून पडला. पोराचा ओठ फाटला, डोकं चौकटीवर आदळलं. मग त्याला दंडाला धरून खाटेवर आडवं पाडलं आणि सुई लागेपर्यंत छातीवर गुडघा ठेवला.

"तुह्या बापाचं रक्त होय ते," तो म्हणाला. "चोरीचं नोहे."

मोनूच्या हातून दोनदा शीर चुकली. तिसऱ्यांदा लागली.

ट्रायलच्या दिवशी अंकुरचा चेहरा तांबडा झाला होता. डोकं ठणकते, कानात घण पडून राहिले, असं तो आईला सांगून गेला. रक्त दाटलं होतं आणि हृदय ते ढकलत होतं. तरी शेवटच्या फेरीत त्यानं सुगतला मागं टाकलं. रेघ ओलांडली आणि गुडघ्यांवर पडला, नाकातून धार लागली. सुगतनं मागून येऊन स्वतःची बाटली त्याच्या तोंडाला लावली. अंकुरनं पाणी घेतलं नाही. तोंड फिरवलं.

रक्त चढवल्याच्या दहाव्या दिवशी त्याला ताप भरला. तळहात, तळपाय, कान लाल झाले, मग तो लालपणा छातीवर उतरला. फोड आले, आणि चादर ओढली की कातडं चादरीबरोबर यायला लागलं. डोळे पिवळे. पोटातून रक्त जायचं, दिवसातून वीसवीस वेळा. दवाखान्यात डॉक्टर मृणालबाईंनी विचारलं, याला गेल्या महिनाभरात कुठं रक्त चढवलंय का? गुलाबराव नाही म्हणाला. निवडीची यादी लागायची होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा नाही म्हणाला. तिसऱ्या दिवशी कलावती तिथंच होती. तिनं तोंड उघडलं तसं गुलाबरावनं तिचं मनगट धरून पिळलं. बांगड्या फुटल्या, काचा मांसात शिरल्या. ती थांबली नाही. रक्त टपकणाऱ्या हातासकट सगळं सांगून मोकळी झाली.

डॉक्टरबाईंनी गुलाबरावला खुर्चीवर बसवलं आणि समजावलं. परक्याचं रक्त अंगात आलं की शरीर त्यातल्या पांढऱ्या पेशी ओळखतं आणि मारून टाकतं. बापाच्या कधीकधी इतक्या जवळच्या निघतात, की पोराचं शरीर त्यांना आपलंच समजतं. त्यांना मारत नाही. त्या आत घर करतात आणि उलट पोरालाच परकं समजून फाडायला घेतात. आधी कातडं, मग आतडी, यकृत, शेवटी हाडातला मगज. क्वचित होतं. झालं की माणूस वाचणं फार कठीण. म्हणून तर घरच्यांचं रक्त पेढी ठेवून घेते आणि पेशंटला दुसऱ्याचं देते.

गुलाबरावला फुटकी काच आठवली असावी, कारण तो आपल्या पंज्याकडं पाहत राहिला.

"मंग माहं काढून घ्या न त्याच्यातून," तो म्हणाला.

"नाही निघत काका."

"परवाच सांगतलं असतं तं?"

डॉक्टरबाईंना खोटं बोलता आलं असतं, धीर द्यायला किंवा शिक्षा म्हणून. त्या म्हणाल्या, बहुतेक तरी नाही. पण मला दोन दिवस मिळाले असते.

त्यानंतर तो पोराच्या खाटेजवळ जायचा तेव्हा एकच व्हायचं. अंकुर तापात असायचा, डोळे मिटलेले. बापाची चाहूल लागली की सोललेला हात वर यायचा आणि कोपरानं तोंड झाकायचा, लहानपणी झाकायचा तसा. चार दिवस गुलाबरावनं ते पाहिलं. पाचव्या दिवशी तो दाराबाहेरच बसला. रक्त चढवल्याच्या तेविसाव्या दिवशी अंकुर गेला. निवडीच्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं.

तेराव्यानंतर गुलाबराव दुर्गच्या मैदानावर गेला. ओपी सरांना त्यानं पोरांसमोर खाली पाडलं, त्यांचीच छडी त्यांच्या तोंडावर मोडली, आणि मग दोन्ही अंगठे गळ्यावर ठेवून दाबले. पोरं ओढत होती, तो हलत नव्हता. ओमप्रकाशचा चेहरा निळा पडत चालला होता. त्यातूनही तो बोलला, "हाथ तो आपने ही आगे किया था, भाईसाब."

अंगठे सुटले. गुलाबराव उठला, तिथून पायीच ठाण्यात गेला आणि जबानी दिली. पहिलं नाव स्वतःचं सांगितलं, मग ओमप्रकाशचं, मग मोनूचं. जागा सुगतची आहे हेही लिहा म्हणाला. मुन्शी म्हणाला, त्याचा या केसशी संबंध नाही. गुलाबरावनं ते लिहिल्याशिवाय अंगठा उठवायला नकार दिला. सही येत असून तो अंगठाच देत होता.

केस चालू आहे, तो जामिनावर आहे. कलावती आता भावाकडे राहते.

मागच्या महिन्यात प्लांटमध्ये एक ठेकेदाराचा मजूर माल वाहणाऱ्या पट्ट्यात सापडला. बी निगेटिव्ह हवं होतं. गुलाबराव निरोप मिळताच गेला, पण खुर्चीवर बसेना.

"पेशंट माह्या नात्यातला तं नोहे?"

काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, नाही काका, बेमेतऱ्याचा साहू आहे.

"लिहून दे."

तिनं कागदावर लिहून दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं, मग बाही वर केली. ती म्हणाली, मूठ आवळा. पंजा उघडाच राहिला. तिनं पुन्हा सांगितलं. शेवटी तिनंच त्याची बोटं एकेक करून मिटवली आणि सुई लावली.