अखर्चित खोली

मेव्हण्याला मी जेवणाआधीच घरातून उठवलं, आणि तेही एक वाईट शब्द न बोलता. सव्वीस वर्षं सरकारी कचेरीत अर्थसंकल्पाच्या टेबलावर काढल्याशिवाय हे जमत नाही.

मार्चचे दिवस होते. तो कर्नाटक सीमेजवळच्या दुधनीहून आला होता. तिथं त्याची तुरीची आडत आहे. बायकोचा धाकटा भाऊ. बोलायला मोकळा, पण मागायला लाजरा. पाणी झालं, चहा झाला, उन्हाचं बोलून झालं, तेव्हा कुठं तो म्हणाला, "दाजी, पोरीची दहावी झाली. अकरावीला हितं सोलापुरात सायन्सला घालावं म्हणतो. होस्टेल तिची आई नको म्हणते. तुमची ती मागची खोली रिकामीच हाय की."

मी त्याच दिवशी कचेरीत दहा जणांना जे सांगून आलो होतो तेच तोंडातून निघालं. "ती खोली वेगळ्या लेखाशीर्षाखाली आहे. तिथली तरतूद इकडं वळवता येत नाही."

सरकारात प्रत्येक खर्चाचं एक ठरलेलं खातं असतं, त्याला लेखाशीर्ष म्हणतात. रस्त्याचे पैसे रस्त्याला, शाळेचे शाळेला. मेव्हण्याला त्यातलं काही कळलं नाही. 'नाही' तेवढं कळलं. तो स्वयंपाकघरात गेला, बहिणीशी कानडीत दोन शब्द बोलला आणि चप्पल घालून निघाला. बायको लाटणं हातात घेऊन दारापर्यंत गेली आणि तशीच परत आली.

"माझा भाऊ काय टेंडर भरायला आलता काय?" एवढंच म्हणाली. तिसऱ्या दिवशी भाजी चिरता चिरता तिनं सांगितलं, "खोली नसली तर पोरीला गावातच आर्ट्सला घालणार म्हणे. डॉक्टर व्हायचंय तिला. आता तो परत विचारायचा न्हाई."

ती खोली आमच्या लेकीची. लेक पुण्याला नोकरीला गेली त्याला तीन वर्षं झाली. पुणं काही लांब नाही. सकाळची गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस घरी. पण गाडी धरायला सुट्टी लागते, आणि सुट्टी मिळाली की मैत्रिणींचं कुठं कुठं जायचं ठरलेलं असतं. मी कधी तक्रार केली नाही. दर रविवारी फक्त तिच्या खोलीतला पंखा लावून बघायचो, चालतो का ते. तीन वर्षांत तो एकदाही बिघडला नाही. खरं सांगायचं तर बिघडला असता तर बरं झालं असतं, दुरुस्तीच्या निमित्तानं तिला फोन करता आला असता.

माझ्या धंद्यातले शब्द आमच्या घरात आले ते तिच्यामुळेच. अर्थसंकल्पाचं पुस्तक छापायला जाण्याआधी तपासायचं असतं. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं जुन्या प्रतीवर लाल पेन्सिलीनं खूण करायची. एका वर्षी कचेरीतला माझा वाचणारा खोकल्यानं आडवा झाला आणि मी गठ्ठा घरी आणला. लेक तेव्हा सहावीत. रविवारी दुपारी ती पलंगावर मांडी घालून बातम्यांसारखं वाचायला बसली. दर चार ओळींनी थांबायची.

"पप्पा, लेखानुदान म्हणजे?"

"पूर्ण वर्षाचा अर्थसंकल्प मंजूर व्हायला वेळ असतो. तोवर काम अडू नये म्हणून थोड्या खर्चाला आधी मंजुरी देतात."

"म्हणजे स्वयंपाक व्हायच्या आधी आई मला शेंगाचा लाडू देते, ते."

माझ्या साहेबांनी नव्या लोकांना हे तासभर समजावलं होतं, तरी त्यांना कळलं नव्हतं. फडताळात वरच्या डब्यात अवचित पाहुण्यासाठी ठेवलेल्या कडक भाकरी म्हणजे आकस्मिकता निधी, हेही तिचंच. मग ती जेवताना आमटीसाठी वाटी पुढं करून "पुरवणी मागणी" म्हणायला लागली. बायको आमटी वाढत म्हणायची, "घरात एक सरकारी माणूस पुरे होता की."

पुढं दर फेब्रुवारीत मी गठ्ठा घरी आणायला लागलो. वाचणारा कधीच बरा झाला होता. मी साहेबांना ते सांगितलं नाही. तिनं आपल्या खोलीच्या दारावर खडूनं 'अर्थ खाते, आत येण्यापूर्वी मंजुरी घ्यावी' असं लिहिलं होतं. आता आकडे संगणक जुळवतो. मोठ्यानं वाचायला कुणी लागत नाही. कचेरीत शांत झालं आणि घरातही.

तर मेव्हणा गेल्यानंतरच्या आठवड्यात खालच्या कचेऱ्यांना माझी नेहमीची पत्रं सुटली. वर्षअखेरपर्यंत जो खर्च होणार नाही, ती तरतूद आत्ताच परत करा, म्हणजे समर्पित करा. एकतीस मार्चनंतर ती आपोआप व्यपगत होते, म्हणजे गेलीच. मंद्रूपकडच्या एका कचेरीतले कारकून काही केल्या ऐकत नव्हते. मी फोन लावला.

"राहू द्या की साहेब," ते म्हणाले, "लागंल कवातरी."

"या वर्षी लागली?"

"न्हाई."

"गेल्या वर्षी?"

"थोडीशी."

माझा आवाज चढला. "तुम्ही नुसती धरून बसता, आणि ज्याला खरी गरज आहे तो तसाच राहतो. मुदत गेली की तुम्हालाही नाही आणि त्यालाही नाही. लोकांचं नुकसान करता तुम्ही."

फोन ठेवला. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "आज लई तापलात." समोर चहा आला होता, तो कधी प्यालो ते आठवत नाही. मधल्या सुट्टीत जिन्यात जाऊन लेकीला फोन लावला. मामाच्या पोरीचं सांगितलं, मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. ती आधी खूप हसली.

"पप्पा, खोली अजून तशीच ठेवलीय तुम्ही?"

"तशीच म्हणजे, पंखा चालू आहे."

"थांबा," ती म्हणाली, आणि माझ्या साहेबांचा आवाज काढला. "मागील वर्षी प्रत्यक्ष वापर किती?"

"पाच रात्री."

"चालू वर्षी?"

"दिवाळीच्या दोन."

"मग पुढच्या वर्षासाठी अख्खी खोली कशाच्या आधारावर मागताय?"

याचं उत्तर कुठल्याही अर्थ खात्याला मी क्षणात दिलं असतं. तिला मात्र म्हणालो, "तू येशील म्हणून."

मग ती साहेबांचा आवाज सोडून बोलली. "पप्पा, मी येईन. पण राहायला नाही येणार आता. तुम्हाला माहितीय ते. तिला द्या खोली. मी आले की आम्ही दोघी झोपू."

जिन्यातून वर येताना मी एक मजला जास्त चढून गेलो. तिथल्या शिपायानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" मी म्हणालो, "कुणालाच नाही," आणि खाली आलो.

एका खात्यातली तरतूद रीतसर मंजुरीनं दुसऱ्या खात्यात वळवतात, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. आयुष्यभर मी त्याचे प्रस्ताव तपासले, स्वतः कधी घेऊन गेलो नव्हतो. रविवारी दुधनीची गाडी धरली. मेव्हणा आडतीत पोत्यावर बसला होता.

"या दाजी," तो म्हणाला. "काय, शीर्ष बदललं काय?"

"बदललं. पोरीला पाठवा. माझं चुकलं."

"सुम्म कूडरी," तो म्हणाला. गप बसा, असं. मग पोराला हाक मारून चहा सांगितला आणि तुरीच्या भावाचं बोलत राहिला. त्याला माफी ऐकायला माझ्याइतकंच जड जात होतं.

जूनमध्ये भाची आली. एक पेटी, एक गादी, पुस्तकांची पिशवी. लेकीचं सामान मी आदल्या दिवशी खोक्यांत भरून माळ्यावर टाकलं होतं. खोलीच्या दारावरचा खडूचा मजकूर मात्र मी पुसला नव्हता. भाचीनं तो वाचला आणि आत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून विचारलं, "मामा, मंजुरी हाय न्हवं?" मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीत आलो तर बायको फरशीवर चटई टाकून, हात उशाला घेऊन आडवी झाली होती. मी म्हटलं, "इथं कुठं पडलीस? आत पलंग आहे की आपला."

"तिथं दुपारचं ऊन येतंय."

"मग रोज दुपारी कुठं झोपतेस?"

तिनं कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं.

"तीन वर्षं लेकीच्याच पलंगावर झोपत होते. तुमी कचेरीत असायचा. खोली रिकामी हाय, असं तुमी बापलेकींनीच ठरवलं. मला कुणी विचारलं न्हाई, आन् पोरीला खोली पायजे होती, म्हणून मीबी बोलले न्हाई. आता तो टेबलावरचा पंखा जरा इकडं फिरवा."