टिंबटिंबाची रेघ

नागभीडहून निघालेल्या एसटीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन कुरखेड्याच्या एका सभागृहाचा नकाशा सुधारत होतो. छताआडून जाणाऱ्या एसीच्या डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, नकाशात टिंबटिंबाच्या रेघेने दाखवायच्या असतात, म्हणजे वर काहीतरी आहे हे मिस्तरीला कळतं. माझ्या डक्ट एकतर ठळक दिसत, नाहीतर सॉफ्टवेअर त्यांना साफ गायब करी. शेजारच्या सीटवर माझी बॅग आणि बायकोने दिलेला डबा आरामात बसले होते.

साठीतली एक बाई दांडा धरून उभी होती. एका पायाचा भार दुसऱ्यावर देत ती स्क्रीनकडे पाहत होती.

"काय करून राह्यले भाऊ?"

ऐकणारं कुणी मिळालं की मी सोडत नाही, हे घरचे जाणतात. तिला मी सगळं समजावलं.

"म्हंजे झाकलेलं असलं तरी हाये म्हनून दाखवाचं," ती म्हणाली.

"अगदी बरोबर."

"मंग मले बी तशी रेघ मारा. नागभीडपासून उभी हाओ, गुडघा सुजला हाये. तुमच्या थैल्याले तं तिकीट बी नाई."

मागचे लोक हसले. मी बॅग पायाशी ओढली, डबा मांडीवर घेतला. ती बसली, गुडघा चोळत राहिली आणि ब्रह्मपुरीच्या आधीच झोपली. पुढे एक सेटिंग बदलताच डक्ट नीट टिंबांत उमटल्या. मागचे लोक अजून हसत असतील म्हणून मी मात्र मान वर केली नाही.

रात्री बायकोने विचारलं, "जमलं का?"

डक्टचं मी सविस्तर सांगितलं. बाईला नकाशातून गाळलं.