अबिलिओचं लिस्बन

देओलिंदाचं लग्न झालं तेव्हा नवरा, अबिलिओ, गावात अकरा दिवस राहिला आणि बाराव्या दिवशी लिस्बनला फरसबंदीच्या कामावर निघून गेला. आमच्या डोंगरातल्या गावांत असे संसार पुष्कळ. पुढची एकतीस वर्षं हेच चाललं. अबिलिओ ऑगस्टात यायचा, बटाटे काढून झाले की जायचा. बांधावर बसून मक्याची भाकरी नि मेंढीचं चीज खाता खाता तो तिला राजधानी सांगायचा: किल्ला, त्याच्या तटावर हिंडणारे मोर, चढावर कण्हत जाणारी पिवळी ट्राम. मलाही ने, असं ती दर वर्षी म्हणायची. पुढच्या वर्षी, असं तो दर वर्षी म्हणायचा. सासू गेली, मुलगी लग्न होऊन फ्रान्सला गेली, अबिलिओचे गुडघे गेले आणि तो कायमचा घरी आला. तेव्हा देओलिंदाने विचारणं सोडलं आणि दोघांची रेल्वेची तिकिटं स्वतःच काढली.

मार्चातल्या एका शनिवारी सकाळी ती लिस्बनच्या रोसिओ चौकात उभी राहिली. पायाखाली काळ्यापांढऱ्या दगडांच्या लाटा पसरल्या होत्या. त्या लाटा अबिलिओने तीनदा दुरुस्त केल्या होत्या. डाव्या तळहातावर दगड धरायचा, उजव्या हाताने हातोडीचा टोला द्यायचा आणि शेजारच्या दगडाला बिलगेल असा बसवायचा. त्यात त्याचा डावा अंगठा चपटा होऊन गेला होता. आता तो काठी टेकत, मान खाली घालून आपली जागा शोधत होता. एका कारंज्यापासून दुसऱ्यापर्यंत गेला, परत आला. लोक त्याला वळसा घालून जात होते.

"सापडत नाही," तो म्हणाला. "जुन्यात मिसळून गेलं. दुरुस्ती कळली नाही तरच ती दुरुस्ती, बाई."

त्याच्या आवाजातला अभिमान तिला ऐकू आला. पण तिला किल्ला बघायचा होता.

वाट त्याने लगेच धरली. पहिल्या गल्लीत तो ठाम होता, दुसरीत हळू झाला, तिसरी एका बंद दारापाशी संपली. तेव्हा त्याने खिडकीत कपडे वाळत घालणाऱ्या म्हातारीला विचारलं. म्हातारी हसली. किल्ल्याचा तट त्यांच्या पाठीमागेच, छपरांच्या वर दिसत होता.

देओलिंदा पायरीवर बसली. "तू कधी वर गेलाच नाहीस," ती म्हणाली.

अबिलिओने मग सगळं सांगून टाकलं. मोर त्याने खोलीतल्या सोबत्याकडून ऐकले होते. एका खोलीत सहा जण, अंगभर दगडाची धूळ, आणि रविवारी नुसती झोप.

"एकतीस वर्षांचे रविवार झोपलास, अरे माणसा?"

"तू आली असतीस तर काय दाखवलं असतं मी? मला इथली जमीन तेवढी माहीत."

"ती दाखवायची होतीस."

लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. त्या लाटांवर ती अनवाणी चालली असती, तुझा दगड कुठला म्हणून विचारत राहिली असती, आणि दगड ताजे होते तोवर त्याला बोट ठेवून सांगताही आलं असतं. आता ते त्याचं त्यालाच ओळखू येत नव्हते.

किल्ल्याच्या दाराशी त्याने गुडघ्यांचं कारण पुढे केलं आणि तो बाकावर बसला. ती एकटीच आत गेली. तटावरून नदी दिसली, समुद्राएवढी रुंद, उन्हाने पांढरी झालेली. इतक्या ऑगस्टांच्या गप्पांत नदी कधी आलीच नव्हती. ती पोटभर बघत राहिली. खाली तो ताटकळतोय हे तिला माहीत होतं. ताटकळू दे, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली नाही.

ती बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. अबिलिओ काठीवर भार देऊन उठला. वरून काय दिसलं, त्याने विचारलं.

"उद्या मी एकटी फिरेन," ती म्हणाली.

"आणि मी?"

उताराच्या पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि तो पडला असता, म्हणून देओलिंदाने त्याला हात दिला.