जाड टायर

दसऱ्याच्या पूजेसाठी मोटारसायकल धुताना हात मागच्या टायरवर रेंगाळला. निव्वळ रुबाबासाठी मी तो मूळच्यापेक्षा जाड बसवून घेतलाय. तेव्हापासून गाडी वळणावर चटकन झुकत नाही, सरळच जाऊ बघते. तिला अंगाचा जोर लावून वळवावं लागतं.

"पन्नाशी आली, आता कसली ही थेरं? काढून टाक तो!" झेंडूचा हार ओवता ओवता सासूबाई करवादल्या.

गाडी बिघडली, हे खरंच. पण या घरात आल्यापासून प्रत्येक वळणावर मी किती चटकन झुकत आले! तेव्हा कुणालाच काही बिघडल्यासारखं वाटलं नाही.

"आई, हार द्या," मी म्हटलं. "वळणाआधी वेग मी कमी करीन. टायर राहणार."